आधी क्षमा, मग नवे जीवन

माणूस आधी सुधारतो आणि मग देव त्याला क्षमा करतो, असा क्रम ख्रिस्ती श्रद्धेत नाही. क्षमा आधी मिळते, ती फुकट मिळते आणि सुधारण्याचे बळ तिच्यातूनच येते. केलेले कर्म भोगूनच संपवावे लागते ही शिकवण पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या समाजाला हे चटकन पटत नाही. तरी मराठी मनाला कृपेची कल्पना अगदीच परकी नाही. संतांनी विठ्ठलाला पतितपावन म्हणून आळवले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारखा कवी तर तुकारामांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोहोचवले असे मानत असे. फरक आहे तो ही कृपा कोठून आली, तिची किंमत कोणी मोजली आणि ती मिळाल्यावर माणसाने काय करायचे, या प्रश्नांच्या उत्तरांत.

येशूच्या शिकवणीत पाप बरेचदा कर्जाच्या रूपात समोर येते. खानदेशात हे समजायला जड जाऊ नये. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचे साल संपते, मालक वही काढतो, आणि उचल फिटली नसेल तर पुढचे सालही त्याच दारात काढावे लागते. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या एका दाखल्यात असाच एक सेवक राजापुढे उभा राहतो. त्याच्या डोक्यावरचे कर्ज जन्मभर राबूनही फिटणार नाही एवढे आहे. तो मुदत मागतो, राजा मात्र सगळे कर्जच सोडून देतो. हाच सेवक बाहेर पडताच शंभर दिवसांच्या मजुरीएवढ्या देण्यासाठी सोबत्याचा गळा धरतो आणि त्याला कैदेत टाकतो. राजाला हे कळते तेव्हा दिलेली माफी तो परत घेतो. ख्रिस्ती विचाराच्या दोन्ही बाजू या गोष्टीत येतात. देवाकडून मिळणारी क्षमा कमावता येत नाही, आणि मिळालेली क्षमा पुढे दिली नाही तर ती पचलीच नाही असे समजावे. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतही क्षमा मागताना आपण इतरांना केलेल्या क्षमेचा उल्लेख आहे. ती म्हणणारा प्रत्येक जण स्वतःलाच अडचणीत टाकतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

कर्ज सोडले की तेवढा तोटा सोडणाऱ्याला सोसावा लागतो. वधस्तंभाचा अर्थ चर्च इथे शोधते. इसवी सन 30च्या सुमारास रोमन सुभेदार पंतय पिलात याच्या हुकमाने येशूला यरुशलेमेत खिळे ठोकून मारण्यात आले. माणसाच्या पापाचा तोटा देवाने स्वतः सोसला तो इथे, असे ख्रिस्ती लोक मानतात. हे नेमके कसे घडले यावर ख्रिस्ती पंडितांचे एकमत कधीच झाले नाही. कोणी त्याला न्यायालयातली शिक्षा समजतात, कोणी बंदिवानाची खंडणी, कोणी मृत्यूवरचा विजय. तिसऱ्या दिवशी येशू पुन्हा उठला या श्रद्धेवर मात्र सगळ्यांचा भर आहे, आणि नव्या जीवनाची कल्पना त्या पुनरुत्थानातून निघते. क्षमा म्हणजे मागचा हिशेब मिटणे. नवे जीवन म्हणजे येशूच्या उठण्यात वाटा मिळणे.

लूकच्या शुभवर्तमानातली उधळ्या मुलाची गोष्ट ख्रिस्ती नसलेल्यांनाही ठाऊक असते. वाटणी घेऊन परागंदा झालेल्या मुलावर डुकरे राखायची पाळी येते, तेव्हा त्याला घर आठवते. बापासमोर काय बोलायचे ते तो वाटेत पाठ करतो: मुलगा म्हणून नको, निदान गडी म्हणून तरी ठेवा. पण बाप त्याला लांबूनच ओळखतो, वय विसरून धावत सुटतो आणि गड्याची विनंती ऐकून घेण्याआधीच अंगरखा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतो. गोष्टीचा शेवट मात्र लोक विसरतात. शेतावरून परतलेला थोरला भाऊ वाजंत्री ऐकून बाहेरच थांबतो. इतकी वर्षे इमानाने राबलो तरी आपल्यासाठी कधी करडू कापले नाही, असे तो बापाला सुनावतो. बाप त्याचीही समजूत घालतो. तो आत गेला की नाही, हे लूकने लिहिलेले नाही. क्षमेचा सर्वाधिक त्रास चांगल्या वागणाऱ्यांना होतो, हे येशूला चांगले ठाऊक असावे.

पश्चात्ताप म्हणजे नुसते वाईट वाटणे नव्हे, वाट बदलणे. यरीहोतला जक्कय नावाचा जकातदार याचा उत्तम नमुना आहे. हा ठेंगणा, श्रीमंत आणि लोकांच्या डोळ्यांत सलणारा माणूस येशूला पाहायला झाडावर चढतो. येशू त्याला हाक मारून खाली बोलावतो आणि त्याच्याच घरी उतरतो. जक्कयने तोवर कशाचीही कबुली दिलेली नाही. नंतर मात्र तो उभा राहून अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करण्याचे जाहीर करतो. पाहुणा आधी आला, पैसे नंतर परत गेले. पण पैसे परत गेले, हे महत्त्वाचे. देवाने क्षमा केली म्हणून माणसांची देणी बुडवायची मोकळीक यात नाही, आणि कायद्याने होणारी शिक्षाही यातून टळत नाही.

ही श्रद्धा वेगवेगळ्या चर्चमध्ये वेगवेगळे रूप घेते. कॅथलिकांत आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियात तान्ह्या मुलांनाही बाप्तिस्मा देतात. मोठेपणी दृढीकरणात ती व्यक्ती विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करते. खानदेशातल्या अलायन्स आणि तत्सम इव्हँजेलिकल मंडळ्यांत जाणत्या वयात, स्वतः ठरवून, सबंध अंग पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घेण्याचा शिरस्ता आहे. पाण्याखाली जाणे हे जुन्या माणसाचे मरण, वर येणे हे नव्याचे उठणे. बाप्तिस्म्यानंतर हातून घडलेल्या पापासाठी कॅथलिक धर्मगुरूपुढे पापनिवेदन करतात. ऐकलेले कोणालाही सांगण्याची धर्मगुरूला सक्त मनाई असते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उपासनेच्या वेळी सगळे मिळून कबुली देतात किंवा ज्याने त्याने देवाशी एकांतात बोलायचे असते. लहान मंडळ्यांत ‘साक्ष’ देण्याची पद्धतही आहे. उपासनेत उभे राहून माणूस आपण आधी कसे होतो, काय घडले आणि आता कसे आहोत हे सांगतो. या साक्षी ठरावीक साच्यात बसू लागतात, आणि मग मागचे आयुष्य होते त्याहून काळे रंगवण्याचा मोह होतो. जाणते पाळक त्याला आवर घालतात.

खानदेशात ही शिकवण पोहोचवणाऱ्यांत दोन अमेरिकन संस्था ठळक दिसतात. ए. बी. सिम्प्सन यांनी 1887 साली सुरू केलेल्या चळवळीतून उभे राहिलेले ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स वऱ्हाडात अकोल्याला स्थिरावले आणि तिथून भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या बाजूला आले. फ्रेडरिक फ्रॅन्सन या स्वीडिश वंशाच्या प्रचारकाने 1890 साली शिकागोत स्थापन केलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने विसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम बाजू धरली. 1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यांची मुख्य ठाणी जळगाव आणि धुळे. मिशनांची वाटणीही साधारण त्याच रेषेवर पडली. दोन्ही संस्थांचा भर एकाच गोष्टीवर होता: ख्रिस्ती घरात जन्मून किंवा चर्चच्या वहीत नाव घालून भागत नाही, प्रत्येकाला स्वतःचा नवा जन्म लागतो. खानदेशी मंडळ्यांच्या बोलण्यात ‘तारण’ आणि ‘साक्ष’ हे शब्द इतके का येतात, याचे उत्तर या वारशात आहे. भुसावळला रेल्वेमुळे आलेल्या गोवेकर आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांचा कॅथलिक समाज वेगळा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे 1987 साली स्थापन झालेल्या नाशिकच्या कॅथलिक धर्मप्रांतात येतात.

मिशनऱ्यांच्या अहवालांपेक्षा मराठी माणसांनी स्वतः लिहिलेले वाचले की क्षमेचा अनुभव जास्त कळतो. ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजी यांनी 1854 साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपला प्रवास मांडला. त्यात वाद, पुस्तके आणि तर्क यांना मोठी जागा आहे. पंडिता रमाबाईंची वाट निराळी आणि जास्त बोलकी.

1858 साली जन्मलेल्या रमाबाईंनी दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली. पुढे भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षे होण्याआधी 1882 साली पतीही गेले. लहानग्या मुलीला, मनोरमेला घेऊन त्या 1883 साली इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर्सनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातला आपला आश्रम दाखवला. ‘वाईट चालीच्या’ म्हणून समाजाने टाकलेल्या बाया तिथे राहत होत्या, आणि पूर्वी तशाच असलेल्या काही जणी आता इतरांची सेवा करत होत्या. शास्त्रे मुखोद्गत असलेल्या रमाबाईंना अशा बाईसाठी प्रायश्चित्त आणि बहिष्कार यांपलीकडचे काही ठाऊक नव्हते. या बायांची एवढी काळजी ख्रिस्ती लोक का घेतात, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची हकिकत वाचून दाखवली. पाच नवरे झालेल्या त्या बाईशी येशू भर दुपारी बोलत बसतो. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि रमाबाईंचा प्रामाणिकपणा असा की त्यांनी ती संपवली नाही. 1907 साली लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतरही सुमारे आठ वर्षे त्यांना मनःशांती नव्हती. ख्रिस्ती धर्म बुद्धीला पटला होता, ख्रिस्त भेटला नव्हता. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचताना, धर्मगुरू असलेला माणूसही नव्या जन्मावाचून राहू शकतो, हे त्यांच्या ध्यानात आले. आपण विद्वान आहोत, त्यागी आहोत, तरी क्षमा आपल्यालाही इतर पाप्यांसारखी हात पसरूनच घ्यायची आहे, हे त्यांनी मान्य केले. नव्या जीवनाचे पुढचे रूप केडगावला दिसते. 1890च्या दशकाच्या अखेरीस आणि 1900च्या दुष्काळात रमाबाईंच्या तिथल्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली आणि विधवा आल्या. तिथल्या ‘कृपासदना’त फुलहॅमसारख्याच टाकलेल्या बायांना जागा मिळाली. त्याआधी रमाबाईंच्याच शारदासदनातल्या मुलींच्या धर्मांतरावरून पुण्यात 1893 साली मोठे वादळ उठले होते आणि रानडे, भांडारकरांसारखे सल्लागारही दूर झाले होते. तो वाद रमाबाईंच्या चरित्रातून वगळण्याचे कारण नाही. त्यांच्या श्रद्धेची किंमतही त्यातूनच कळते.

नारायण वामन टिळकांचे तर खानदेशाशी प्रत्यक्ष नाते आहे. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना हा आघात होता. नवरा जिवंत असून त्या काही वर्षे नातेवाइकांच्या आसऱ्याला राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हा काळ हसत-रडत सांगितला आहे. त्या परत आल्या त्या स्वतःचे सोवळे घेऊनच. वेगळी चूल, वेगळे पाणी. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. जातिभेद देवाने केला नाही, माणसांनी केला, हे पुढे बाईंना आपल्याच विचाराने पटले आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. मराठीत क्षमेवर प्रवचने पुष्कळ आहेत, पण नवराबायकोने एकमेकांना दिलेल्या क्षमेचे इतके खरे वर्णन क्वचितच सापडेल.

1907 साली जळगावला कविसंमेलन भरले. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते, टिळक हजर होते, आणि धरणगावात जन्मलेल्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाला तिथे ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. हा मुलगा पुढे अहमदनगरला टिळकांच्या घरी त्यांच्या मुलासारखा राहिला. 5 मे 1918 रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकात रेल्वेखाली सापडून तो गेला. टिळकांनी त्याचा धर्म बदलण्यासाठी त्याला घरात घेतले नव्हते, तो अखेरपर्यंत हिंदूच राहिला. स्वतः टिळकांनी 1917 साली मिशनचा पगार सोडला आणि ख्रिस्ताचा संन्यासी म्हणून जगायचे ठरवले. बाप्तिस्म्याला 22 वर्षे झाल्यावरचे हे आणखी एक नवे जीवन. 1919 साली ते वारले. ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून त्यांची पदे जळगाव-धुळ्याच्या मंडळ्यांत आजही म्हटली जातात.

पश्चिम खानदेशात, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर भागात आणि साक्रीच्या पट्ट्यात, श्रोते वेगळे होते. भिल्ल, मावची, कोकणा माणसाला शास्त्रार्थाशी देणेघेणे नव्हते. सावकार, दारू, आजार आणि डाकिणीची भीती यांच्याशी होते. नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने 1940च्या दशकात दवाखाना काढला, तो अजून चालतो. या भागातल्या साक्षींत दारू सुटल्याची गोष्ट पुनःपुन्हा येते. भूत-डाकिणीपेक्षा ख्रिस्त मोठा आहे, ही खात्री तर पापक्षमेच्याही आधी येते. युरोपातल्या धर्मशास्त्राच्या पुस्तकात हा क्रम सापडणार नाही. मात्र दारू सोडवण्याचे श्रेय एकट्या मिशनला देणे चुकीचे ठरेल. 1930च्या दशकाच्या अखेरीस तळोदा भागात गुला महाराजांच्या आपधर्माने हजारो आदिवासींना दारूपासून दूर नेले, आणि ती चळवळ ख्रिस्ती नव्हती.

क्षमेच्या या ख्रिस्ती श्रद्धेवरचे आक्षेपही जुने आहेत. फुकटची क्षमा माणसाला बेफिकीर करते, हा त्यातला पहिला. जर्मन पाळक डीट्रिच बोन्हाफर यांनी 1937 साली आपल्याच चर्चला हे सुनावले होते: शिष्यत्वावाचूनची कृपा स्वस्त असते. दुसरा आक्षेप धर्मांतरावर आहे. श्रद्धा बदलण्यामागे आमिष आहे की अनुभव, हा वाद आदिवासी भागात चालूच असतो, आणि प्रत्येक ठिकाणचे उत्तर एक नसते. बदलणाऱ्याला लाभच होतो असेही नाही. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. अनुसूचित जमातींना ही अट नाही. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. क्षमेचा उपदेश अनेकदा मार खाणाऱ्याला केला जातो, मारणाऱ्याला नाही. घरात छळ सोसणाऱ्या बाईला ‘क्षमा कर’ म्हणून परत पाठवणारा पाळक जक्कयची गोष्ट अर्धीच वाचतो.

क्षमा करणाऱ्याने स्वतःहून केली तर ती कुठवर जाते, याचे उदाहरण सातपुडा आणि नर्मदा ओलांडल्यावर भेटते. मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात आदिवासी आणि भूमिहीनांत काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांना 25 फेब्रुवारी 1995 रोजी प्रवासात बसमधून खाली ओढून भोसकून मारण्यात आले. सावकारांचे हितसंबंध त्यांच्या कामाने दुखावले होते. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. 2002 साली राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या हाताला राखी बांधली. घरच्यांनीही त्याला क्षमा केली, त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला आणि 2006 साली तो बाहेर आला. त्याने कुटुंबाची क्षमा मागितली. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरला राणी मारियांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले, त्या सोहळ्याला तोही होता. इथे कायदा आपल्या वाटेने गेला आणि शिक्षाही भोगली गेली. क्षमा त्या शिक्षेच्या जागी आली नाही, तिच्या जोडीने आली.

जळगाव-धुळ्याच्या मंडळ्यांत क्षमेची कसोटी एवढ्या मोठ्या प्रसंगात लागत नाही. बांधावरून किंवा लग्नाच्या बोलणीवरून तुटलेले भाऊ एकाच उपासनेत दोन टोकांना बसतात. भांडण मिटवल्याशिवाय प्रभुभोजन घेऊ नये, असा दंडक आहे. पाळला जातोच असे नाही. उघड पाप झाले तर मंडळीचे वडील त्या व्यक्तीला काही काळ प्रभुभोजनापासून दूर ठेवतात, अधूनमधून घरी जाऊन भेटतात, आणि पश्चात्ताप दिसला की सर्वांसमोर पुन्हा सामील करून घेतात. पेत्राने येशूला विचारले होते की भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा पुरे का? येशूने सांगितलेला आकडा मोजत बसता येणार नाही एवढा होता. म्हणून पुन्हा घसरलेल्या सभासदाला किती वेळा परत घ्यायचे, याचा नियम मंडळ्यांच्या घटनेत सहसा नसतो. तो प्रश्न प्रत्येक वेळी पाळक आणि वडीलमंडळी बसून सोडवतात.